आक्कानं धुतलेले पिंजरे

ज्यांच्याबरोबर मी काम करतो त्या डॉक्टरबाई कित्येक वर्षं माझ्या मागे लागल्या आहेत, "तुम्हाला काय झालं होतं ते एकदा लिहून काढा, लोकांना उपयोग होईल." मी टाळत आलो. एक तर लिहिण्याची सवय नाही. दुसरं म्हणजे ताप आला, हॉस्पिटलात पडलो, बरा झालो, एवढं सांगून माझा आजार संपत नाही. त्या तापात आम्ही दोघं होतो. बरा मी एकटाच झालो.

ज्यांच्या घरात आज कोणी असल्या तापानं पडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं मला विचारू नका, ती डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ती गोष्ट डॉक्टरला ठाऊक नसते. ती आपणच त्याला सांगायची असते, आणि मी ती वेळेवर सांगितली नाही.

उंदरांची नोकरी

मी चोपड्याचा. नदीला लागून आमचं खाजन आहे, म्हणजे खारं पाणी बांध घालून अडवून राखलेली भातजमीन. बांधात उंदरांची बिळं असतातच. उंदीर बांध पोखरतात, आम्ही चिखलानं बिळं बुजवतो, ते पुन्हा पोखरतात. वडिलांच्या वेळेपासून हे असंच चाललेलं आहे.

शिवोलीचा पूल व्हायच्या आधीची गोष्ट. बाहेरून डॉक्टरांची एक तुकडी आली होती. पेडण्या-डिचोलीच्या गावांतून उंदीर पकडायचे, त्यांचं रक्त काढून तपासायला पाठवायचं, असं त्यांचं काम. त्यांना बांधांची माहिती असलेला माणूस हवा होता. मला घेतलं. संध्याकाळी पिंजरे लावायचे, सकाळी गोळा करायचे आणि वहीत लिहायचं. गावानं लगेच माझं नाव 'माजर' ठेवलं. मांजराला आमच्याकडे माजर म्हणतात. बायको, सुमन, पाणवठ्यावर गेली की बायका विचारायच्या, "तुज्या माजरान आज कितले धरले गो?" ती घरी येऊन माझ्यावर चिडायची. पण नोकरी चांगली होती. एक वर्ष रोजंदारीवर झालं होतं आणि कायम करण्याचे कागद वर गेले होते. आमच्या घरात कायम नोकरी तोवर कोणी पाहिली नव्हती.

उंदीर कशाला तपासता, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. तुकडीतल्या या डॉक्टरबाई कोल्हापूरकडच्या, समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नाही. त्या म्हणाल्या, "आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत काही उंदरांच्या अंगात विषाणू असतात. अरेनाव्हायरस म्हणतात त्यांना. उंदराला काही होत नाही. पण त्याच्या मुतातून तो माणसाच्या अंगात गेला की असा ताप येतो की रक्त थांबत नाही. शेतात राबणारी माणसं मरतात. आपल्याकडच्या उंदरांत तसलं काही आहे का, आणि नसेल तर दुसरं काय आहे, ते शोधायचंय." मग त्यांनी मला हातमोजे आणि गुडघ्याएवढे रबरी बूट दिले. म्हणाल्या, "हे घातल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावायचा नाही. उंदीर चावला नाही तरी त्याचं मूत पुरतं."

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी कोणापुढे म्हणू शकत नाही.

चवथीचा दुसरा दिवस

चवथीला आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. सणासाठी गावी जाताना डॉक्टरबाई सांगून गेल्या होत्या, की आदल्या दिवशी सगळे पिंजरे बंद करून ठेवा. त्या दिवशी मी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला, बांधायची फळं आणायला रानात गेलो, आणि बांधावरचे सहा पिंजरे उघडेच राहिले.

आमच्या घराची एक रीत आहे. दुसऱ्या दिवशी उंदराचा वाटा काढतात. देवाचं वाहन ते, त्याला विसरायचं नाही. केळीच्या पानावर हळदीच्या पानात वाफवलेली पातोळी, उसळ, भात घेऊन घरच्या कर्त्यानं बांधावर जायचं, पान ठेवायचं आणि भात राखून ठेव म्हणून सांगायचं. वडील गेल्यापासून ते काम माझं. मी आंघोळ करून, सोवळं नेसून, पान घेऊन निघालो. आई मागोमाग आली.

बांधावर पोचलो आणि बघतो तर सहाही पिंजरे भरलेले. आईनं कपाळावर हात मारला.

"बाबू, देवाचें वाहन पांजऱ्यांत आनी तूं घरा वचून आरती करतलो? आदीं सोड तांकां."

हातमोजे घरी खुंटीला होते. पण सोवळ्यात रबराचे मोजे आणि रबराचे बूट कसे घालायचे? आधी हे करू आणि मग दुसरी आंघोळ करून सोवळं बदलू, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. आई उभी, पान हातात, घरात आरती खोळंबलेली. मी अनवाणी चिखलात उतरलो आणि उघड्या हातांनी एकेक पिंजरा उघडला. एक उंदीर तारेत अडकला होता, त्याला पाठीला धरून मोकळा केला. तो माझ्या हातावर मुतला. मी हात चिखलात पुसला, बांधावर पान ठेवलं आणि त्याच उंदरांना हात जोडून भात राखायला सांगितलं.

राहिले पिंजरे. आत लेंड्या आणि ओलसर घाण. तुकडीच्या खोलीत तसेच नेऊन ठेवले तर डॉक्टरबाईंना आल्या आल्या कळलं असतं. म्हणून मी ते घरी आणले, विहिरीकडे धुवायला. आणि तिथे आक्का होती.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई शेतात जायची तेव्हा मला हिनंच वाढवलं. डिचोलीला दिली होती. भावजींचं तिथल्या बाजारात शिंप्याचं दुकान. मूलबाळ नाही, त्यामुळे चवथीला ती पाची दिवस माहेरी यायची आणि आल्यापासून सगळ्यांना हुकूम सोडायची.

"हे आनी कितें हाडलें रे?"

मी सांगितलं. ती हसत सुटली. "सोवळ्यांत उंदीर! वच, न्हा आनी पुजेक बस. पांजरे हांव धुतां."

"आक्का, तूं हात लावूं नाका."

"माका शिकयता? तुजीं दुपटीं धुयलीं हांवें."

आदल्या दिवशी पातोळ्यांसाठी नारळ खोवताना आदोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यानं तिचं बोट कापलं होतं. चिंधी बांधली होती. तिनं ती चिंधी सोडून ठेवली, भिजेल म्हणून. राख आणि नारळाचं सोडण घेऊन तिनं सहाही पिंजरे घासून लख्ख केले. मी आरतीला गेलो. नंतर वहीत सहाही पिंजऱ्यांपुढे 'बंद' असं लिहिलं.

पोटऱ्या

नऊ-दहा दिवसांनी ताप आला. आधी वाटलं दगदगीचा. पण असं अंग माझं कधी दुखलं नव्हतं. पोटऱ्यांना पांघरुणाचा भार सोसवेना. डोळे लालभडक झाले. सुमन म्हणाली, कोणी बघितलं तर दारू प्यायलाय म्हणतील. तिसऱ्या दिवशी लघवी चहासारखी आली. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाण्यात रक्त.

फेरीबोटीतून मला शिवोलीला नेलं. चार माणसांनी खुर्चीत बसवून उचललं होतं. बोटीतल्या एकानं "माजराक कितें जालें?" म्हणून विचारलं. तिथून म्हापसा, म्हापशाहून पणजीचं मोठं हॉस्पिटल.

तिथल्या डॉक्टरांनी माझी पोटरी नुसती दोन बोटांनी दाबली. मी ओरडलो. ते नर्सकडे वळून काहीतरी म्हणाले आणि एकदम सगळ्यांची धावपळ सुरू झाली. मला काय झालंय ते मला त्या धावपळीतूनच कळलं. मी मरणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. रक्त तपासायला त्यांच्याकडेही पाठवलं होतं. बाहेरच्या देशातला तो विषाणू नव्हता. आपल्याकडचा उंदीरताप होता, ज्याला सगळे लेप्टो म्हणतात. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "यावर इंजेक्शन आहे. लवकर मिळालं तर माणूस उठतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं जातात, छातीत रक्त येतं." मग स्टूल ओढून बसल्या. "सणात पिंजऱ्यांना हात लागला होता का?"

"ना," मी म्हटलं. "पिंजरे बंद होते. शेतात लागलं असेल."

"आणखी कोणाचा हात? घरातल्या कोणाचा?"

"ना."

त्यांनी तसंच लिहून घेतलं.

शेजारची खाट

हॉस्पिटलातले दिवस सगळे एकसारखे. पहाटे रक्त काढणारी बाई, मग इंजेक्शन, मग लघवी मोजायला बाटली. आपली लघवी किती झाली यावर सगळं घर आनंदी किंवा दुःखी होतं, हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. सुमन बाटलीकडे बघायची आणि मग माझ्याकडे. एकदा बाटली चांगली भरली तर ती रडली. त्या आठवड्यातलं तेवढंच हसण्यासारखं.

शेजारच्या खाटेवर परशराम होता. चंदगडकडचा, पणजीत बांधकामावर सेंट्रिंगचं काम करायचा. त्यालाही हाच ताप, गटारातल्या पाण्यातून आलेला. तो उठून बसायला लागला होता. त्याचं माणूस कोणी नव्हतं. सुमननं आणलेली पेज आम्ही दोघं वाटून घ्यायचो. मला चमचा धरता येत नव्हता तेव्हा त्यानं भरवली. माझ्या घरी तो कधी आला असता तर आईनं त्याला ओसरीवर बसवून जात विचारली असती. त्याची आठवण आली की या गोष्टीचं मला वाईट वाटतं.

हॉस्पिटलातल्या माझ्या दुसऱ्या दिवशी सुमन निरोप घेऊन आली. "डिचोलेंसून फोन आयिल्लो. आक्काक कावीळ जाल्या. दोळे हळदुवे जाल्यात. थंय एक बायल ताकांतल्यान औषद दिता, तें चलूं आसा."

"ताप कधींसून?"

"चार दीस जाले म्हण."

मी डोळे मिटले. सुमनला वाटलं थकलो.

आता जे लिहितोय ते लिहायलाच इतकी वर्षं लागली. मला त्याच क्षणी कळलं होतं. शंका नव्हती, अंदाज नव्हता, कळलं होतं. कावीळ नव्हे. पिंजरे. तिचं कापलेलं बोट माझ्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरबाई त्या दिवशी दोनदा वॉर्डात येऊन गेल्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. मनात हिशेब चालला होता, की सांगितलं तर वही खोटी ठरते, वही खोटी ठरली तर नोकरी जाते. आणि पाठोपाठ स्वतःलाच समजावत होतो: कावीळच असेल. गावात कितीजणांना होते. ती बाई औषध देते, माणसं बरी होतात. आक्का धडधाकट आहे.

पुढचा दिवसही दुपारपर्यंत तसाच घालवला. दुपारी जेवण परत केलं तेव्हा परशराम म्हणाला, "काय झालंय रं भाऊ? काल धरनं भिंतीकडंच तोंड करून हाईस."

मी म्हटलं, बहिणीला कावीळ झालीय.

तो उठून बसला. "माझं बी पयलं कावीळच म्हनून सांगितलेलं. आमच्या मुकादमानं झाडपाला दिला. तीन दिस गेले त्यात. ताप हाय तिला? पोटऱ्या दुखत्यात?"

"माहीत नाही."

"मग विचार की. माझ्या जोडीदारानं कुनाला विचारलं न्हाई. तो माझ्या आधीच गेला."

त्याचा जोडीदार गेल्याचं त्यानं मला तोवर सांगितलं नव्हतं. मी रडायला लागलो. त्यानं नर्सला हाक मारली आणि नर्सनं डॉक्टरबाईंना बोलावलं. मी सगळं सांगितलं. सोवळं, चिखल, आक्का, वहीतलं 'बंद'. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं, डिचोलीचा पत्ता विचारायला. मग धावत गेल्या. जीप गेली तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

जाता जाता दारात थांबून त्या म्हणाल्या, "सणात पिंजरे सोडले म्हणून कुणाची नोकरी जात नसते हो." आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

बायकांचा वॉर्ड

आक्काला आणलं तेव्हा तिची लघवी बंद होऊन एक दिवस झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मला चाकाच्या खुर्चीवर बसवून तिच्याकडे नेलं. मला ती ओळखू आली नाही. आमची आक्का रंगानं सावळी. खाटेवर होती ती पिवळी. ओठांच्या कडांना रक्त सुकलं होतं आणि नर्स ओल्या कापसानं ते पुसत होती. एका हाताला डायलिसिसच्या नळ्या, दुसऱ्या हाताच्या बोटावर ती जुनी जखम. भरलेली होती.

भावजी पायाशी उभे होते. बुटके, अबोल माणूस. हातात तिची काढून दिलेली काकणं.

आक्कानं डोळे उघडले. "बाबू, तुजें बरें जालें मरे?"

"जालें. आक्का, हांवें डॉक्टरबायेक सांगलें. पांजऱ्यांचें."

तिनं मान जराशी माझ्याकडे वळवली. "ती रागार जाली तुजेर?"

"ना गो."

"बरें," ती म्हणाली. मग खोकला आला आणि खोकल्याबरोबर रक्त. मला खुर्चीसकट बाहेर काढलं.

दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला गेली. मी वरच्या मजल्यावर होतो आणि माझी बाटली त्या दिवशी काठोकाठ भरली होती. सुमननं बाटली उचलून नेली.

दोन दिवस आधी आणली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही. "बहुतेक," त्या म्हणाल्या.

डिचोली

मला घरी सोडलं तेव्हा तिचे दिवस होऊन गेले होते. माझ्या नोकरीचा कायमचा हुकूम मी अंथरुणात असतानाच आला. डॉक्टरबाईंनी वही दुरुस्त केली, खरं काय ते लिहिलं आणि कोणी काही म्हटलं नाही. आईनं हुकमाचा कागद देवापुढे ठेवला. मी उचलून कपाटात टाकला.

आईला मी दोष दिला नाही. ती मात्र स्वतःला देते. जेवताना मध्येच थांबते आणि ताटातला घास तसाच राहतो. पुढच्या चवथीला तिनं उंदराचा वाटा काढू दिला नाही, आणि मीही काढला नाही.

चालता यायला लागल्यावर मी एकटा डिचोलीला गेलो. भावजींना सांगायचं होतं. हॉस्पिटलात त्यांनी पिंजऱ्यांबद्दल ऐकलं होतं, पण दोन दिवस मी गप्प बसलो ते त्यांना माहीत नव्हतं. ते सांगितल्याशिवाय मला त्यांच्या घरचं पाणी पिता येणार नव्हतं.

भावजी दुकानात मशीनवर होते. कोणाचा तरी शाळेचा गणवेश शिवत होते. मी समोरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं. निरोप कधी आला, मला कधी कळलं, मी किती वेळ गप्प राहिलो. मारायचं असेल तर मारा, असंही म्हटलं. ते मशीन थांबवून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"बाबू, तिका खबर आसलें."

मला समजलं नाही.

"तिका ताप आयलो तेन्ना पयलीं हांव तिका बाजारांतल्या डॉक्टराकडेन व्हेली. ताणें विचारलें, शेतांत गेल्लीं? उंदरांक हात लागिल्लो? ही म्हणाली, ना. भायर आयल्यार म्हाका सांगलें, पांजरे धुयल्यात म्हण. आनी शपथ घातली." त्यांनी डोळे पुसले. "म्हणाली, बाबूची नोकरी ह्या म्हयन्यांत कायम जातली. तोय तापान पडला. आतां हें कोणाक कळूंक फावना. म्हजें कितें, ताक पियेतकच बरें जातलें."

बाजारातून गाड्या जात होत्या. कोणीतरी कपडे द्यायला आलं आणि आमच्याकडे बघून परत गेलं.

"तुमी सांगपाचें आशिल्लें," मी म्हणालो.

"शपथ घातिल्ली मरे," भावजी म्हणाले. "हांवें मानली."